स्तुतीचा सूर

गेली तीस वर्षे मी पदे रचून त्यांना स्वतःच चाली लावीत आलो आहे, आणि या व्यासंगात सर्वांत दुर्घट असे जे कर्म मला आढळले, ते म्हणजे स्तुती. कारण गाणाराचा कंठ जितका सुरेल, तितके श्रोत्याचे चित्त स्तुत्य विभूतीवरून ढळून त्या कंठावरच जाऊन बसते. माझ्या एका पदातील तान ऐकून सारी सभा प्रसन्न झाली. त्या पदातला विठ्ठल मात्र बाहेर पडताना कोणाच्याही मुखी नव्हता, आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

हा पेच सेनेगलच्या यूसू एन्दूर याने 'इजिप्त' या 2004 सालच्या गीतसंग्रहात ज्या रीतीने उलगडला, तिचे मी पुनःपुन्हा मनन करीत असतो. 1959 साली डकार येथे जन्मलेल्या या गायकाच्या मातुल कुळात ग्रिओंचा, म्हणजे आपल्याकडील भाटांप्रमाणे यजमानाची वंशावळ व कीर्ती गाऊन बिदागी घेणाऱ्यांचा, वारसा होता. आणि साबार ढोलांच्या गतीवर नाचविणाऱ्या एम्बालाख संगीताने त्याला जगभर लौकिक मिळवून दिला होता. तोच भाटाचा कंठ त्याने येथे सूफी शेखांच्या चरणी रुजू केला. मुरीद पंथाचे संस्थापक अहमदू बांबा, ज्यांना फ्रेंच सरकारने 1895 साली गॅबॉनमध्ये हद्दपार केले आणि ज्यांनी वसविलेले तूबा नगर आज लक्षावधी यात्रेकरूंचे तीर्थ आहे, ते या नव्या यजमानांपैकी एक. नाचाची गती मागे ठेवून त्याने कैरोच्या फाथी सलामा यांचा वाद्यवृंद जोडीस घेतला. तेथील रीतीप्रमाणे सारी व्हायोलिने मिळून एकच स्वरवाक्य उचलतात, आणि गायकाचा उंच, तीव्र कंठ, जमातीत उभ्या राहिलेल्या नमाज्याप्रमाणे, त्या पंक्तीत सामील होतो.

अमेरिकेवरील 2001 च्या हल्ल्यांनंतर, भक्तीला राजकारणाचा रंग चढू नये म्हणून, त्याने हे ध्वनिमुद्रण काही वर्षे राखून ठेवले. पुढे ते प्रसिद्ध झाले, तेव्हा लोकप्रिय गवयाच्या मुखी पवित्र नामे मायदेशातील पुष्कळांना रुचली नाहीत. 2005 साली ग्रॅमी पुरस्कार मिळाल्यावर तेथील वारे फिरले. मला त्या पुरस्काराहून ती प्रतीक्षा मोठी वाटते, कारण आपले गाणे तयार असून ते दाबून ठेवणे किती कठीण, हे आम्हा चाली बांधणाऱ्यांसच ठाऊक.

माझ्या त्या पदातील तान मी काढून टाकली. गेल्या आषाढीस ते गाइले, तेव्हा कोणी वाहवा केली नाही. लोकांनी विठ्ठलाचे नाव घेतले.