दोन हजारांचा फोटो

काल मोबाइलवर ई-चलान आलं. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, मर्यादा ताशी १०० किमी, माझा वेग ११३, दंड २००० रुपये. सोबत माझ्याच गाडीचा फोटो! असला वैताग आला म्हणून सांगू... उजव्या लेनमध्ये ठाण मांडून रांगणारे ट्रक, इंडिकेटर न देता मध्येच घुसणारे, कॅमेरा दिसला की करकचून ब्रेक मारणारे आणि तो मागे पडला की पुन्हा सुसाट सुटणारे. ह्या सगळ्यांचं काय?

बायकोला हे तावातावाने ऐकवत होतो. ती शांतपणे म्हणाली, "त्या ट्रकला डावीकडून ओव्हरटेक केलंस ना, तेव्हाचाच असणार हा. मी डोळे मिटून घेतले होते."

मागच्या सीटवर लेक झोपली होती.

असो. दंड भरला. फोटो मात्र डिलीट नाही केला.