अंथरुणाभोवतीची बाग

दुखणे येते हत्तीच्या पावलाने आणि जाते मुंगीच्या पावलाने, असे आपल्याकडे म्हणतात. ज्याने कधी पंधरा दिवस अंथरुणात काढले आहेत, त्याला या म्हणीचा अर्थ सांगावा लागत नाही. खिडकीबाहेर मुलांचा खेळ रंगात आलेला असतो आणि आत रोग्याची दृष्टी छताच्या तुळया मोजीत असते. सारे जग पुढे चालले, आपण मात्र मागे राहिलो, ही जाणीव अंगातील तापापेक्षाही अधिक पोळते. पण दुखणे पंधरा दिवसांचे पाहुणे नसून उरलेल्या आयुष्याचे सोबती होणार असेल, तर माणसाने काय करावे? या प्रश्नाचे एक उत्तर फ्रान्समधील एका वृद्ध चित्रकाराने दिले. हातात एक कात्री घेऊन त्याने ते दिले.

या चित्रकाराचे नाव आंरी मातीस. ३१ डिसेंबर १८६९ रोजी उत्तर फ्रान्समधील एका लहानशा गावी त्यांचा जन्म झाला. वडील धान्याचा व बियाण्यांचा व्यापार करीत. मुलाने कायद्याचा अभ्यास केला आणि तो एका वकिलाच्या कचेरीत कारकून म्हणून काम करू लागला. कागदपत्रांच्या नकला करण्यात त्याचे मन रमत नसे. परंतु दुसरी वाटही दिसत नव्हती. अशात विसाव्या वर्षाच्या सुमारास पोटाच्या विकाराने त्याला अंथरुणास खिळविले. दिवस सरता सरेनात. मुलाचा वेळ जावा म्हणून आईने एक रंगांची पेटी आणून दिली. ती हातात आली आणि त्या कंटाळलेल्या तरुणाला आपले जीवितकार्य सापडले. वडिलांची नाराजी पत्करून १८९१ मध्ये मातीस चित्रकला शिकण्यासाठी पॅरिसला गेले.

पुढील पन्नास वर्षांत त्यांना मोठी कीर्ती मिळाली. पण ती सुखासुखी मिळाली नाही. १९०५ साली पॅरिसच्या एका प्रदर्शनात त्यांची व त्यांच्या मित्रांची भडक रंगांची चित्रे पाहून एका टीकाकाराने या मंडळींना ‘रानटी श्वापदे’ म्हटले. टीकेपेक्षाही मातीस यांना त्यांचे स्वतःचे असमाधान अधिक छळीत असे. एकच चित्र ते पुनःपुन्हा पुसत आणि पुनःपुन्हा रंगवीत. काम हा त्यांचा आनंद होता, तशीच ती त्यांची काळजीही होती.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सचा पाडाव झाला, त्यानंतर काही महिन्यांनी, म्हणजे जानेवारी १९४१ मध्ये, ल्यों शहरात मातीस यांच्यावर आतड्याच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी त्यांचे वय एकाहत्तर वर्षांचे होते. हाती घेतलेले काम पुरे करण्यापुरती तीनचार वर्षे मिळावीत, एवढेच मागणे त्यांनी डॉक्टरांजवळ केले. शस्त्रक्रियेनंतर प्रकृती इतकी ढासळली की जगण्याची आशा उरली नाही. तरीही ते वाचले. तेव्हा शुश्रूषा करणाऱ्या धर्मभगिनींनी ‘मरणातून उठून आलेला माणूस’ असे त्यांचे नाव ठेवले. जीव वाचला, पण पोटाचे स्नायू कायमचे दुबळे झाले. चित्रफलकापुढे तासन्‌तास उभे राहणे आता शक्य नव्हते. अंथरूण आणि चाकांची खुर्ची एवढेच त्यांचे जग उरले.

‘काय गेले?’ हा प्रश्न विचारीत बसावे, असेच ते दिवस होते. मातीस यांनी ‘काय उरले?’ असे विचारले. हात उरले होते, डोळे उरले होते आणि रंगांची ओढ उरली होती. काही वर्षांपूर्वी एका प्रचंड भित्तिचित्राची मांडणी ठरविताना त्यांनी रंगीत कागदाचे तुकडे कापून भिंतीवर हलवून पाहिले होते. त्या वेळी ती केवळ कामापुरती युक्ती होती. आता तीच त्यांची वाट झाली. साहाय्यक स्त्रिया कोऱ्या कागदांवर गडद रंग चढवून ते वाळवीत. मातीस अंथरुणात किंवा खुर्चीत बसून मोठ्या कात्रीने त्या कागदांतून पाने, पक्षी, समुद्रातील शेवाळ आणि माणसांच्या आकृती कापून काढीत. साहाय्यक ते तुकडे टाचण्यांनी भिंतीवर लावीत. आणि मातीस सांगत, ‘थोडे वर, थोडे डावीकडे.’ मनासारखी जागा सापडेपर्यंत हे चाले. काही जाणकारांनी याला पोरखेळ म्हटले. मातीस यांची कात्री थांबली नाही.

ही चित्रे इतकी प्रसन्न आहेत की ती करणारा मनुष्य सुखात असावा, असे वाटते. वस्तुस्थिती तशी नव्हती. अनेक रात्री त्यांना झोप येत नसे. युद्धाची झळही घरापर्यंत आली. १९४४ साली जर्मन गुप्त पोलिसांनी त्यांच्या पत्नीला व मुलीला अटक केली. मुलीचा अतोनात छळ झाला. सुदैवाने दोघीही वाचल्या. पुढे १९४७ मध्ये ‘जाझ’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातील चित्रे बहुतेक याच काळोख्या दिवसांतील आहेत. त्यांतील एका चित्रात निळ्याभोर आकाशातून, पिवळ्या चांदण्यांमधून, एक काळी मानवाकृती खाली येत आहे. तिच्या छातीत एकच तांबडा ठिपका आहे. तो ठिपका म्हणजे तिचे हृदय.

आजारपणातच त्यांना एक लाखमोलाचे माणूस भेटले. १९४२ मध्ये रात्रीच्या शुश्रूषेसाठी एक तरुण परिचारिका त्यांच्याकडे येत असे. पुढे तिने संन्यस्त जीवन स्वीकारले आणि ती सिस्टर जाक-मारी झाली. वांस गावी तिच्या भगिनींसाठी प्रार्थनामंदिर बांधण्याचा विचार निघाला, तेव्हा मातीस यांनी ते काम आपल्याकडे घेतले. सत्तरी उलटून गेलेल्या त्या रोग्याने लांब बांबूच्या टोकाला कोळसा बांधून भिंतींवरील चित्रांची रेखाटने केली. मंदिराच्या निळ्या, हिरव्या आणि पिवळ्या काचांतून येणारा प्रकाश पांढऱ्या लाद्यांवर पडतो आणि शांत रंगांत पसरतो. १९५१ मध्ये हे मंदिर पूर्ण झाले. एवढ्या दीर्घ आयुष्यात केलेल्या कामांत मातीस यांना हेच सर्वश्रेष्ठ वाटे.

१९५२ च्या उन्हाळ्यात पोहणारी माणसे पाहण्यासाठी ते एका जलतरण तलावावर गेले. पण ऊन सोसेना म्हणून परतावे लागले. ‘मी माझा तलाव घरीच करीन,’ अशा निश्चयाने त्यांनी जेवणाच्या खोलीच्या भिंतींवर सभोवार पांढऱ्या कागदाचा पट्टा लावविला आणि त्यावर निळ्या कागदाचे पोहणारे देह सोडले. बागेत जाता येत नाही म्हणून पानाफुलांची बाग त्यांनी अंथरुणाभोवतीच्या भिंतींवर फुलविली. शस्त्रक्रियेपूर्वीच्या कामात आपली धडपड फार होती, आता आपण खरे मोकळे झालो, असे ते म्हणत. ३ नोव्हेंबर १९५४ रोजी त्यांचे निधन झाले. मागितली होती तीनचार वर्षे. मिळाली जवळजवळ चौदा.

दुखण्याने मातीस यांना काही दिले, असे म्हणणे बरोबर होणार नाही. दुखणे घेऊनच जाते. रंगांची पेटी आईच्या मायेने दिली, धीर शुश्रूषा करणाऱ्या हातांनी दिला आणि कात्री त्यांच्या स्वतःच्या मनाने शोधली. सर्वच रोगी बरे होत नाहीत आणि सर्वच रोग्यांच्या हातून चित्रे होत नाहीत. पण उरलेल्या शक्तीकडे प्रेमाने पाहणे लहानथोर कोणालाही साधू शकते. अंथरुणावर पडलेल्या सोबत्याला भेटायला जाताना त्या आईची आठवण ठेवावी. एखादी रंगपेटी, एखादे पुस्तक किंवा वर्गातील एखादी ताजी गंमत त्याच्यासाठी न्यावी. त्याच्या अंथरुणाभोवती बाग कशातून फुलेल, हे आधी कोणाला सांगता येते?