वेशीवरची मास्तव्वा

खानापूरहून हलशीला जायचं म्हणजे कदंबांची जुनी राजधानी पाहायची, भूवराह नृसिंहाच्या देवळात बसायचं आणि परत फिरायचं. कॉलेजच्या मुलांना घेऊन मी आजवर एवढंच करत आले. यंदा मात्र येताना आजोळच्या गावात गाडी थांबवली. तिथं वेशीजवळ, चिंचेखाली, एक दगडी हात आहे.

खांबातून फुटल्यासारखा दंड, कोपरात वाकलेला, पंजा वर, मनगटात बांगड्या. माथ्यावर चंद्र-सूर्य. मराठीत सतीशिळा, कन्नडमध्ये मास्तिकल्लु, म्हणजे महासतीचा दगड. तुमच्याही गावाकडे असेल बहुधा. आमच्या घरात बोलणं सगळं मराठी, पण हिला मात्र मास्तव्वाच म्हणायचं.

शेजारचा वीरगळ मुलांना लगेच कळला. खाली लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. हातापाशी सगळी गप्प झाली. एकीनं हळूच विचारलं, "मॅडम, नमस्कार करायचा का हिला?"

माझ्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. लग्न झालं की नवरी आधी इथं यायची, ओटी भरायची, त्या बांगड्यांना हळदकुंकू लावायची. तबक लावून द्यायची माझी मावशी. ती तेविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली. तबक नवरीच्या हाती दिलं की ती उंबऱ्याच्या आतच थांबे. थांब म्हणून कोणी सांगत नसे. नवऱ्यामागे जळालेल्या बाईची ओटी भरायची आणि मागे जगलेलीनं समोर यायचं नाही, हे मला एमए होईपर्यंत खटकलंही नव्हतं. आता लाज वाटते.

बेंटिंकनं १८२९ मध्ये बंगालात सतीबंदी केली, पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात ती आली. १९८७ मध्ये राजस्थानात देवराळा घडलं आणि त्याच वर्षीच्या कायद्यानं सतीचा गौरव करणं हाही गुन्हा ठरला. आमच्या गावात नवरीला वेशीवर नेणं नंतर हळूहळू बंदच पडलं. मध्यंतरी तरुण पोरांनी दगडच काढून टाकायचं म्हटलं. मला ते पटलं नाही. म्हैसूर जिल्ह्यात बेलतूरूला १०५७ सालचा कन्नड शिलालेख आहे. देकब्बे नावाच्या बाईचा नवरा मारला गेला, ती आगीकडे निघाली, आईवडिलांनी तिला थांबवायचा प्रयत्न केला, तिनं ऐकलं नाही. तेव्हाही "नको" म्हणणारी माणसं होती, हे आपल्याला त्या दगडामुळंच कळतं.

त्या मुलीला म्हटलं, "नमस्कार राहू दे. जवळ जाऊन बघ." पंज्यावर कुंकू होतं, ओलं. म्हणजे कोणीतरी येतंय अजून.

मावशी आता ऐंशीच्या पुढं आहे. २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला, तेव्हा मी तिला बातमी वाचून दाखवली होती. "आता मला काय त्याचं?" एवढंच म्हणाली होती. या खेपेला वेशीवरचे फोटो मोबाईलवर दाखवले. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "इतक्या जवळून मी कधी पाहिलंच नव्हतं गं. पुढच्या वेळी गाडीत माझी जागा ठेव."

दिवाळीनंतर जायचं ठरलंय.