बिनपगारी श्रमाचा सातबारा : गेल ऑम्वेट आणि सातारा-सांगलीच्या बायका

हा धागा लांबणार आहे. विषय एका विदुषीचा आहे, पण सुरुवात भाकरीपासून करावी लागेल.

प्रतिसरकारचा इतिहास आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असतो : क्रांतिसिंह नाना पाटील, तुफान सेना, गावोगावची न्यायदान मंडळे, चिमठाण्याला लुटलेला सरकारी खजिना. १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात हे समांतर राज्य चालले. (तेव्हाचा सातारा म्हणजे आजचे सातारा आणि सांगली दोन्ही. १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. म्हणून या धाग्यात दोन्ही जिल्हे एकत्रच येतील.) भूमिगत कार्यकर्ते रात्री-अपरात्री वस्तीवर येत, उसाच्या फडात लपत आणि पहाटे पुढच्या गावाला निघून जात. तीन वर्षे ही माणसे जगली, याचा साधा अर्थ असा की तीन वर्षे कोणीतरी त्यांच्यासाठी दळत होते, थापत होते, पाणी भरत होते.

१९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले. त्याचे निकष होते ठरावीक मुदतीचा तुरुंगवास, किंवा वॉरंट निघालेले असताना काढलेला भूमिगत काळ. स्त्रियांसाठी तुरुंगवासाची अट सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आणली होती, एवढी सवलत. पण चुलीपुढच्या बाईवर वॉरंट कधी निघत नाही. ज्या भाकरीवर प्रतिसरकार उभे होते, तिला कागद मिळाला नाही. इतिहासाचा विद्यार्थी कागदामागे चालतो; त्यामुळे ती भाकरी आमच्या प्रबंधांतही सहसा येत नाही.

याच प्रतिसरकारच्या एका घरात १९७६ साली एक अमेरिकन सून आली. घर वाळवा तालुक्यातील कासेगावचे, पुणे-बेंगळुरू महामार्गालगतचे. सासूचे नाव इंदुमती पाटणकर. इंदुताई मूळच्या कऱ्हाड तालुक्यातल्या इंदोलीच्या. १९४२ च्या सुमारास, वयाच्या सोळा-सतराव्या वर्षी घर सोडून चळवळीत आलेल्या. पती बाबूजी पाटणकर यांचा १९५२ साली खून झाला. पुढे इंदुताईंनी प्राथमिक शाळेत नोकरी करून मुलाला वाढवले आणि चळवळही सोडली नाही. तो मुलगा म्हणजे डॉ. भारत पाटणकर, आणि सून म्हणजे गेल ऑम्वेट.

गेलचा जन्म २ ऑगस्ट १९४१ चा, मिनियापोलिसचा. बर्कलीच्या विद्यापीठातून १९७३ मध्ये त्यांनी डॉक्टरेट घेतली. विषय होता पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळ, १८७३ ते १९३०. सत्यशोधक समाजाचे कागद शोधत, मराठी शिकत, त्या महाराष्ट्रभर फिरल्या होत्या. सातारच्या शेतकऱ्यांनी १९१९ नंतर केलेले सत्यशोधकी बंड इंग्रजी वाचकांपुढे सविस्तर मांडणाऱ्यांत त्या अग्रणी. १९८३ साली त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले. प्रतिसरकारवरही त्यांचा अभ्यासपूर्ण लेख आहे, १९८८ साली प्रसिद्ध झालेला. २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावातच त्यांचे निधन झाले. चरित्र इतके पुरे. समाजमाध्यमांवर त्यांच्याविषयी जे लिहिले जाते ते बहुधा फुले-आंबेडकरांच्या अभ्यासक म्हणून, आणि ते रास्तच आहे. मला त्यांची दुसरी बाजू जास्त छळते. ती बाजू मार्क्सवादाशी घातलेल्या वादाची.

मार्क्सने १८६७ मध्ये ‘भांडवल’ लिहिताना कामगाराच्या मजुरीचे मूल्य कसे ठरते ते सांगितले : कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला जगायला जे लागते त्यावरून. पण धान्य बाजारातून घरात आले म्हणजे जेवण झाले, असे होत नाही. मध्ये निवडणे, दळणे, शिजवणे, भांडी, धुणे, आजारपण आणि बाळंतपणे आहेत. १९७० च्या दशकात मारियारोसा दाल्ला कोस्टा, सेल्मा जेम्स, सिल्व्हिया फेदेरिची यांनी नेमका हा मधला तुकडा पुढे आणला आणि घरकामाला वेतन मागितले. त्यांचे म्हणणे असे की, गिरणीमालक एका माणसाला पगार देतो आणि दोन माणसांचे काम घेतो.

युरोपातल्या या मांडणीत बाई घरात होती. सातारा-सांगलीत ती रानातही होती. यावर माझ्या डोक्यात सारखे येणारे उदाहरण मुंबईच्या गिरण्यांचे. घाटावरचा गडी मुंबईला जाई, परळ-लालबागच्या खोलीत दहा-पंधरा जणांत पथारी टाकी आणि खानावळीत जेवे. ती खानावळ चालवणारी बाईही बहुधा कामगाराचीच बायको असे. (प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा’ उभी केली ती याच बायकांना घेऊन.) गावाकडे त्याची बायको रान कसत होती, गुरे पाहत होती, सासू-सासऱ्यांचे करत होती, मुले वाढवत होती. गिरणीमालकाला कुटुंब पोसण्याइतका पगार द्यावा लागत नव्हता, कारण कुटुंबाचा खर्च खानापूर-पाटणच्या कोरडवाहू जमिनीवर परस्पर भागत होता. कामगार आजारी पडला, म्हातारा झाला, तर गावी परत. ना रुग्णालयाचा भार, ना वृद्धापकाळाचा. १९८२ मध्ये गिरणी संप झाला तेव्हा हजारो कामगार असेच गावी परतले, आणि वर्ष-दोन वर्षे त्या संपाला ज्यांनी जेवू घातले त्या बायकांचे नाव संपाच्या इतिहासात शोधून पाहा.

खानापूर तालुक्यातल्या अशाच परतलेल्या कामगारांच्या पुढाकाराने मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. भारत पाटणकर आणि गेल तिच्यात होते. म्हणजे गेल यांच्यापुढे ‘कामगार वर्ग’ पुस्तकातून आला नव्हता; दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या नवरा-बायकोच्या रूपाने आला होता. १९९३ च्या ‘रीइन्व्हेंटिंग रेव्होल्यूशन’ या ग्रंथात त्यांनी मोठा दावा केला : पारंपरिक मार्क्सवाद शोषण मोजतो ते मजुरीत. ज्याला मजुरीच मिळत नाही अशी बाई, स्वतःच्या जमिनीवर राबणारा शेतकरी, जातीने नेमून दिलेले काम करणारा दलित, जंगलावर जगणारा आदिवासी हे त्याच्या हिशेबात ‘मागासलेले’, ‘भांडवलपूर्व’ ठरतात. वस्तुतः भांडवलाचा संचय त्यांच्या श्रमांवरही होतो. जर्मन विदुषी मारिया मीस यांनी आंध्रातील नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांचा अभ्यास करून अशीच दिशा दाखवली होती. जागतिक बाजारासाठी विणणाऱ्या त्या बायका ‘रिकाम्या वेळात बसून विणणाऱ्या गृहिणी’ समजल्या जात.

सिद्धांत इथपर्यंत. पण मला वाटते, गेल आणि इंदुताईंचे मोठे काम सिद्धांतापेक्षा परित्यक्तांच्या संघटनेत आहे. १९८० च्या दशकात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने सातारा-सांगलीतल्या टाकलेल्या बायकांना एकत्र आणले. ‘परित्यक्ता’ हा शब्द आपण कणवेने उच्चारतो. श्रमाच्या हिशेबाने तो वाचून पाहा. दहा-पंधरा वर्षे एक बाई सासरच्या रानात खुरपते, जनावरांचे शेण काढते, दूध काढून डेअरीत घालते, स्वयंपाक करते. एक दिवस तिला घराबाहेर काढले जाते. ती बरोबर काय नेते? अंगावरचे लुगडे. जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, डेअरीचे खाते त्याचे, सोसायटीचे आणि साखर कारखान्याचे सभासदत्व सातबारावर अवलंबून म्हणून तेही त्याचे, रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख तोच. कायद्याने पोटगी मागता येई, पण फौजदारी संहितेच्या कलम १२५ खाली तिची कमाल मर्यादा महिना ५०० रुपये होती, आणि ती मर्यादा २००१ पर्यंत टिकली. कारखान्यातला कामगार काढला तरी त्याच्याजवळ हजेरीपट असतो. हिच्याजवळ काहीच नसते.

म्हणून या बायकांच्या मागण्या ऐकायला किरकोळ आणि अर्थाने फार खोल होत्या : स्वतंत्र रेशनकार्ड, घरासाठी जागा, कसायला जमीन. युरोपातल्या बायका वेतन मागत होत्या. या हक्क मागत होत्या, तोही कागदावर आणि स्वतःच्या नावाने. माझ्या मते हा फरक नुसता परिस्थितीचा नाही. वेतन मागितले की कोणीतरी मालक गृहीत धरावा लागतो. जमीन मागणारी बाई म्हणते, मी मजूर नाही, हे रान माझ्याही श्रमाने उभे आहे.

हा धागा पुढे शेतकरी संघटनेशी जुळला. ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ ला नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन झाले, आणि नंतर शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ मांडली. पुरुषाने आपल्या जमिनीतला काही भाग बायकोच्या नावावर करावा, म्हणजे घरातल्या लक्ष्मीचे ऋण फिटेल. गेल शेतकरी महिला आघाडीबरोबर होत्या. अनेक डाव्या सहकाऱ्यांना हे रुचले नाही. शेतकरी संघटना म्हणजे बागायतदारांची, हा आक्षेप होता. पुढे मोठी धरणे आणि जागतिकीकरण यांवर गेल यांनी घेतलेल्या भूमिकांमुळे अंतर आणखी वाढले. त्या उत्तरकाळातला बाजाराविषयीचा त्यांचा आशावाद मला पटत नाही. लक्ष्मीमुक्तीबद्दलही एक खटकते : ऋण फेडणारा पुरुषच राहतो आणि जमीन त्याच्या मोठ्या मनातून येते. तरीही फेरफार नोंद झाली की नोंद झाली. तलाठ्याच्या दप्तराला मन नसते, हे इथे बाईच्या फायद्याचे.

येरळा नदीवरचे बळीराजा धरणही याच विचारातले. लोकांनी वाळू विकून पैसा उभारला, शासनाशी भांडून धरण बांधले आणि पाण्यावर भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाचा हक्क सांगितला. पाणी जमिनीला न देता माणसाला द्यायचे म्हटले, की सातबारा नसलेल्यालाही शेतीत उभे राहता येते. टाकलेल्या बाईसाठी या वाक्याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

आता आजचा हिशेब. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईला ९२ हा संकेतांक मिळतो. घरकामाबरोबर सरपण, रानभाजी, चारा गोळा करणारी किंवा घरासाठी शिवणारी असेल तर ९३. दोन्ही संकेतांक ‘श्रमशक्तीबाहेर’ या सदरात मोडतात. डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन बांधावरून चालणारी बाई देशाच्या श्रमशक्तीत नसते! २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील बिनपगारी कामाला स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, पुरुष ८८. तीही त्यात सहभागी होणाऱ्या पुरुषांची सरासरी. आणि २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला, पण पतीच्या हयातीत त्याच्या जमिनीत पत्नीचा वाटा आजही नाही. शेजारच्या गोव्यात मात्र पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने, वेगळा करार केला नसेल तर, पती-पत्नीची मिळकत सामाईक धरली जाते. गोव्याची हद्द ओलांडली की बायकोचा हक्क बदलतो.

या हंगामात कृष्णाकाठी कुठल्याही फडावर जाऊन पाहा. बीडकडून आलेल्या टोळीत मोजमाप ‘कोयत्या’चे असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकटा आला तर अर्धा कोयता. उचल नवऱ्याच्या नावावर लिहिली जाते, हिशेब त्याच्याशी होतो. तिने तोडलेला, मोळी बांधून डोक्यावरून गाडीत चढवलेला ऊस त्याच्या हिशेबात जातो, आणि पहाटे फडावर येण्याआधी पालात थापलेल्या भाकरी कोणाच्याच हिशेबात जात नाहीत.