बोटाला न लागणारी कड

ट्रे पुरा झाला की मी डोळे मिटते आणि तर्जनी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवते. कागद कुठे सुरू झाला ते बोटाला कळलं, तर काम अजून बाकी आहे.

कागद कापून लाकडावर बसवण्याच्या या कलेचं डेकूपाज हे नाव फ्रेंच, कापण्यावरून पडलेलं. अठराव्या शतकात व्हेनिसच्या लोकांना चिनी-जपानी लाखकामाचं वेड होतं, पण ते सगळ्यांना परवडण्यासारखं नव्हतं. मग कारागीर छापील चित्रं कापून, रंगवून लाकडी सामानावर चिकटवत आणि वर व्हार्निशचे लेपावर लेप देत. त्याला म्हणत 'लाक्का पोवेरा', गरिबाची लाख. मला हे नाव फार आवडतं. महागडी वस्तू मिळाली नाही म्हणून माणसं हळहळत बसली नाहीत, त्यांनी कात्री हातात घेतली.

माझ्या कामाची सुरुवात मात्र पॉलिश पेपरने होते. कोऱ्या पाइनच्या ट्रेवर आधी एकशेवीस नंबरचा, मग दोनशेवीसचा, नेहमी रेषांच्या दिशेने. खिळ्यांच्या खड्ड्यांत लांबी भरायची. रंगाच्या पहिल्या हाताने लाकूड ओलं होतं आणि त्याचे तंतू उठतात, म्हणून तो वाळला की पुन्हा घासायचं. हा टप्पा घाईत उरकला तर पुढची कितीही मेहनत खरखरीतच राहते.

माझा पहिला ट्रे मला अजून सलतो. आजीच्या, म्हणजे आईच्या आईच्या हातची लोणच्याच्या मसाल्याची चिठ्ठी मी त्यावर मधोमध लावायला घेतली. अस्सल चिठ्ठी, शाईच्या पेनाने लिहिलेली. पातळ केलेल्या फेविकॉलचा ब्रश फिरला आणि 'मोहरीची डाळ'मधून निळं पाणी वाहायला लागलं. मी कापडाने टिपत गेले, अक्षरं आणखी पसरत गेली. पाच मिनिटांत चिठ्ठीचा निळसर ढग झाला. आजी जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

आता मी अस्सल कागदाला हात लावत नाही. पातळ कागदावर झेरॉक्स काढते. झेरॉक्सची काळी पूड उष्णतेने कागदावर पक्की बसलेली असते, ती पाण्याने हलत नाही. कडा कात्रीने न कापता हाताने फाडते, कारण फाडलेली कड निमुळती होत जाते आणि रंगात मिसळते. चित्राची बाह्यरेषा मात्र कात्रीनेच, आणि तेव्हा कात्री स्थिर ठेवून कागद फिरवायचा.

सगळं खरं कसब चिकटवण्यात आहे. कागद ओला झाला की पसरतो. लाकडावर गेल्यानंतर पसरला की सुरकुत्या पडल्याच समजा. म्हणून त्याला आधीच पाण्याचा हात लावून दोन मिनिटं थांबते, पसरायचा तेवढा पसरू देते. मग मधून कडांकडे ओल्या बोटाने हवा काढत न्यायची. एखादा बारीक फुगा राहिलाच तर घाबरू नये, वाळताना कागद आकसतो आणि तोही बऱ्याचदा बसतो. रात्रभर ट्रेकडे बघायचंसुद्धा नाही.

मग व्हार्निश. मी आठ-दहा हात देते, पातळ, प्रत्येक वाळल्यावरच पुढचा. चौथ्यापासून मध्ये मध्ये चारशे नंबरचा कागद हलकेच फिरवते. कड बुडत जाते ती इथे. हाताला कोरडं लागलं तरी आतून पक्कं व्हायला दोन-तीन आठवडे जातात, तोवर त्यावर गरम कप ठेवू देत नाही. आणि पुढे मात्र ठेवायचाच, भिंतीवर टांगलेल्या ट्रेचं मला वाईट वाटतं.

आजीची मेतकुटाची चिठ्ठी अशीच आता आमच्या रोजच्या ट्रेवर आहे. परवा आईने कप उचलला, खालची ओळ वाचली, हरभऱ्याची डाळ, हळद, हिंग, आणि त्यावर बोट फिरवत म्हणाली, "आईचा ह बघ. पोट फुगलेला."