वहिवाट

महसूल खात्याच्या चाकरीत माझी छत्तीस वर्षे गेली. त्यांपैकी अखेरची सव्वीस, म्हणजे १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हापासून निवृत्तीपर्यंतची, वांद्र्याच्या दप्तरात, मौजे मुलुंड, मौजे घाटकोपर, तालुका कुर्ला, अशा मथळ्यांचे उतारे वाचण्यात आणि तपासण्यात सरली. ज्याने आयुष्यभर सातबारा पाहिला, त्याला त्या एका कागदात दोन निरनिराळी सत्ये शेजारी शेजारी नांदताना दिसतात. गाव नमुना सात जमीन कोणाची हे सांगतो. गाव नमुना बारा त्या जमिनीत त्या साली काय पेरले, काय उगवले, याची पीकपाहणी सांगतो. पहिल्यातील नाव एका फेरफाराने चढते आणि पुढच्या फेरफारापर्यंत निवांत बसून राहते; दुसऱ्यातील नोंद मात्र दरसाल नव्याने मिळवावी लागते, पावसात उभे राहून आणि औतामागे चालून. मालकी आणि वहिवाट यांतले हे अंतर मला कागदांनी शिकवले खरे, पण ते अंगी मुरवले माझ्या मोटारसायकलीने. १९८४ साली घेतलेल्या, आणि आजही मुलुंड पूर्वेच्या आमच्या इमारतीच्या जिन्याखाली उभ्या असलेल्या येझदी रोडकिंगने.

पहाटे साडेपाचला, दूधवाल्याच्या सायकलीची घंटी गल्लीच्या टोकाला विरून गेलेली असते आणि इमारतीचा पाण्याचा पंप अजून सुरू व्हायचा असतो, त्या वेळी मी खाली उतरतो. आईच्या जुन्या नऊवारी लुगड्याचे दुहेरी शिवलेले आच्छादन अलगद काढून घडी घालतो, पेट्रोलचा कॉक उघडतो, आणि कार्बोरेटरच्या अंगावरचे छोटेसे बटण, पेट्रोल ओघळून बोटाला गार लागेपर्यंत, दाबून धरतो. मग डाव्या बाजूची दांडी. या गाडीला गिअरची दांडी आणि किकची दांडी अशा दोन नाहीत. एकच आहे, आणि तीच आत ढकलून वर फिरवली की किक होते. जिने गाडीला जागे करायचे, तिनेच पुढे तिला चाल द्यायची, ही योजना मला पहिल्या दिवसापासून मोठी घरगुती वाटत आली आहे. ज्या हाताने लेकराला उठवावे त्याच हाताने त्याला शाळेच्या वाटेला लावावे, तशी. चावी बंद ठेवून एक संथ किक, चावी लावून दुसरी, आणि जात्यावर पहिली मूठ पडल्यावर पाळू जशी आधी अडखळते व मग घरघरीत स्थिरावते, तसा त्या एका सिलिंडरचा नाद दोन्ही सायलेन्सरांतून बाहेर पडून जिन्याच्या पोकळीत भरून राहतो. निळसर धूर उठतो, जळत्या तेलाचा वास येतो, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून पत्नीची भांडी वाजू लागतात.

या गाडीची वंशावळ मोठी दूरची आहे. प्रागच्या फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ साली वाँडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकली बांधण्याचा परवाना घेतला, आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव सिद्ध केले. आपल्या देशात त्या गाड्या बांधण्याचे काम रुस्तम आणि फारोख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ साली म्हैसूरच्या कारखान्यात आरंभले. पुढे सत्तरीच्या दशकात, मूळ करार सरल्यावर, टाकीवरचे नाव बदलून ‘येझदी’ झाले. झरतुष्ट्राचा अग्नी शतकानुशतके जपणारे इराणातले यझ्द हे नगर, तिथून निघून मुंबईत येऊन हॉटेले आणि बेकऱ्या थाटणाऱ्या इराणी कुटुंबांच्या स्मृतीत राहिलेले. त्या नगराच्या नावावरून ही गाडी येझदी झाली, असे सांगतात. चेक भाषेत अशाच उच्चाराच्या शब्दाचा अर्थ ‘तो गाडीवरून जातो’ असा होतो, हे मला फार उशिरा कळले, आणि दोन दूरच्या भाषांनी एका यंत्रावर नकळत एकच सही करावी, या योगायोगाचा आनंद कितीतरी दिवस मनात दरवळत राहिला.

रोडकिंग आली १९७८ साली. अडीचशे सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, सोळा अश्वशक्ती, चार गिअर, आणि साखळी संपूर्ण झाकून टाकणारे पोलादी चेनकव्हर, की ज्यामुळे आमच्या कोकणघाटच्या चिखलातही साखळी कोरडी राहावी. आजच्या मापाने हे आकडे लहान वाटतील. पण ज्या काळात स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची वहिवाट होती, त्या काळात मुलुंडहून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला ओतूरला, जुन्नर तालुक्यातल्या आमच्या मूळ गावाजवळ, पोहोचवणारी ही गाडी म्हणजे दूरच्या वाटेचा आणि वेगाचा एकत्र आलेला मोह होता. कल्याण, मुरबाड, टोकावडे, आणि मग माळशेजचा घाट: श्रावणात कड्यांवरून कोसळणाऱ्या धारांखालून वळणे घेत वर गेले की मढच्या बाजूला आभाळ एकाएकी रुंद होते, पाण्याचा मोठा विस्तार दिसतो, आणि इंजिनाचा स्वर चढणीचा ताण सोडून सखल होतो. त्या स्वरातला हा बदल ऐकण्यासाठी मी वर्षातून चार वेळा तरी घाट चढलो आहे.

चढणीपेक्षा उतरणीने मला अधिक शिकवले. या इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नाही. पेट्रोलच्या लिटरमागे साधारण चाळीस मिलिलिटर तेल मिसळायचे, तेच पेट्रोलच्या संगतीने पिस्टनच्या खालच्या पोकळीत शिरते आणि तिथली बेअरिंगे व सिलिंडरची भिंत भिजवते. परिणामी, लांबच लांब उतारावर मूठ बंद करून गाडी नुसती गडगडत सोडली, की पेट्रोलबरोबर तेलही थांबते, आणि ऐन वेगात पिस्टन सिलिंडरला धरतो. म्हणून जाणता येझदीवाला माळशेज उतरताना, पोट भरलेल्या पोरालाही निजताना आई दुधाचा एक घोट पाजते तशी, मधून मधून मूठ किंचित पिळून इंजिनाला तेलाचा घोट देत राहतो. जे यंत्र चढताना माणसाला वाहून नेते, तेच उतरताना त्याच्या आठवणीवर जगते. आणि नाते म्हणावे असे काही माणसात व लोखंडात संभवत असेल, तर ते याच देवघेवीत संभवते असे मला वाटते. पहिल्या महिन्यापासून मी लाल कापडी बांधणीची एक वही ठेवली आहे: तारीख, गाव, किलोमीटर, पेट्रोल, तेल, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. हीच माझी पीकपाहणी.

माझी गाडी वर्षाची झाली असेल-नसेल, तोच १९८५ च्या सुमारास शंभर सीसीच्या जपानी जातीच्या मोटारसायकली आल्या. एक लिटरात कितीतरी दूर जाणाऱ्या, घरात ज्याला पेट्रोलचा खर्च सांगावा लागतो अशा प्रत्येक गृहस्थाच्या गरजेला उतरणाऱ्या त्या गाड्या गुणीच होत्या. अंधेरी-बोरिवलीच्या हजारो कुटुंबांना त्यांनी पायावर उभे केले. टाकी भरावी, झाकण लावावे आणि गाडीला विसरून जावे, अशा आशयाची त्यांतल्या एकीची जाहिरात त्या वेळी सर्वतोमुखी झाली होती. मला आठवते, ती वाचल्यावर मी रात्री बराच वेळ जागा होतो. विसरता येणे हे सुख आहे, याविषयी शंका नाही. परंतु माझ्या गाडीने मला जे दिले होते ते नेमके याच्या उलट टोकाचे होते. ती विसरू देत नव्हती. प्लग काळा पडला की सांगत होती, पॉइंट ढळला की सांगत होती, सायलेन्सरात काजळी साचली की चढणीला दम टाकून सांगत होती; आणि ऐकणाऱ्याचा कान दिवसेंदिवस तयार होत होता. १९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद झाला. तेव्हापासून कुर्ल्याचा भंगार बाजार आणि शुक्रवारचा चोरबाजार ही आमची तीर्थक्षेत्रे झाली. गंजक्या लोखंडाच्या ढिगात मूळ घडणीची क्लचप्लेट हाती लागावी, आणि ती कोटाच्या खिशात घालून लोकलच्या गर्दीत दोन्ही हातांनी सांभाळत मुलुंडला आणावी, असे कितीतरी शुक्रवार त्या वहीत नोंदलेले आहेत.

एक पान मात्र कोरडे नाही. २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला तो दिवस. दुपारी वांद्र्याहून निघालो, आणि कुर्ल्याच्या अलीकडे मिठी नदीचे पाणी गुडघ्यांना, मग कमरेला लागले. गाडी एका भिंतीला टेकवून, हँडल कुलूपबंद करून, माणसांच्या साखळीत हात गुंफून मी रात्री केव्हातरी घरी पोहोचलो. तिसऱ्या दिवशी ती तिथेच होती. टाकीवर चिखलाची रेघ, हेडलाइटच्या काचेत निम्म्यापर्यंत पाणी. हात शिवशिवत होते, पण किक मारली नाही. टेम्पोत घालून घाटकोपरच्या गॅरेजात नेली. ज्यांनी वीस वर्षे तिला हात लावला होता ते मिस्त्री, ज्यांना सारी गल्ली चाचा म्हणे, त्यांनी आधी माझ्याकडे पाहून एकच प्रश्न विचारला, “किक मारली नाही ना, साहेब?” नाही म्हटल्यावर त्यांनी बसायला स्टूल पुढे केले. “बुडाली म्हणून गाडी मरत नाही. पोटात पाणी असताना किक मारली, की पाणी दबत नाही, रॉड वाकतो, मग मरते.” प्लग काढून त्यांनी गाडी उलटी-सुलटी कलती केली; गढूळ पाणी तेलाच्या तवंगासह जमिनीवर पसरले. मग इंजिन उतरवले, क्रँक उघडला, बेअरिंगे रॉकेलात धुतली, आणि प्रत्येक गोळी बोटांच्या चिमटीत फिरवून, कानाशी नेऊन, डोळे मिटून ऐकली. वैद्याने नाडी पाहावी तसे ते ऐकणे मी पाहत होतो. एक बेअरिंग त्यांनी बाजूला ठेवले, बाकीची परत बसवली. त्या दिवशीच्या शेऱ्यात मी लिहिले आहे: ‘चाचांनी ऐकले.’

दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी देशोदेशीचे जावा-येझदीवाले एकत्र जमतात. मुंबईत तेव्हा पाऊस ऐन भरात असतो, तरी घोडबंदरच्या वाटेने बोरिवलीचे, आग्रा रोडने घाटकोपर-भांडुपचे, अंधेरीचे, असे सारे भिजत येतात. निवृत्त मोटरमन, बँकेतले हिशेबनीस, रंगारी, डॉक्टर. कोणाची गाडी वडिलांची, कोणाची मरणपंथाला लागलेल्या शेजाऱ्याने स्वहस्ते सोपवलेली. तिथे किंमत कोणी विचारत नाही. ‘कधीपासून आहे?’ एवढेच विचारतात, आणि उत्तर देणारा सालाबरोबर न विसरता एखादे गाव, एखादा घाट, एखादी आजारी बहीण दवाखान्यात नेल्याची रात्र सांगतो. प्रेमाचे वय विचारले की माणसे प्रसंग सांगतात. कारण प्रसंगांखेरीज त्याला दुसरे मोजमाप नाही.

परिवहन कार्यालयात गाडीच्या नोंदणीची मुदत पंधरा वर्षांनी, आणि त्यापुढे दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. १९९९ पासून २०२४ पर्यंत मी सहा वेळा तिला तिथे नेले, पुढे पर्यावरण कर लागू झाल्यावर तोही भरला, तपासनीसासमोर तिचा दिवा आणि ब्रेक दाखवले, आणि सहाही वेळा नव्या मुदतीचा शिक्का पाहून घरी देवापुढे साखर ठेवली. २०२१ च्या नियमांप्रमाणे वाहनाला ‘विंटेज’ म्हणून मान मिळण्यासाठी पन्नास वर्षे पुरी व्हावी लागतात. तिची ती २०३४ साली होतील. तोवर मी असेन न असेन, हा विचार मनात येई, आणि कागदावर पुढचे नाव कोणाचे, असा महसुली प्रश्न मी स्वतःला घाली.

त्याचे उत्तर फेरफाराच्या अर्जाने आले नाही. बोरिवलीची माझी पुतणी गेल्या वर्षी म्हणाली, “काका, मला शिकवा.” येझदी हे नाव २०२२ साली नव्या, चार-स्ट्रोकच्या गाडीवर पुन्हा रस्त्यावर आले आहे, तीही चांगली आहे, ती घे, असे मी सुचवून पाहिले. तिने मान हलवली आणि लुगड्याच्या आच्छादनाची घडी घालू लागली. बटण किती वेळ दाबायचे, दांडी कुठे आत ढकलायची, उतरणीला घोट कसा पाजायचा, हे सारे तीन महिन्यांत झाले. मार्गशीर्षातल्या एका रविवारी ती एकटी मुरबाडपर्यंत जाऊन आली, चावी खुंटीला लावली, चहा घेतला आणि गेली.

रात्री सवयीने मी वही उघडली. चाळीस वर्षांत प्रथमच तिच्यात माझे नसलेले अक्षर होते, किंचित उजवीकडे कललेले. तारीख, मुरबाड, किलोमीटर, पेट्रोल, तेल. आणि शेवटच्या रकान्यात: ‘तिसऱ्या गिअरला मागे बारीक खुळखुळ. चेन?’ मी गेला महिनाभर रोज गाडी काढत होतो आणि मला काही ऐकू आले नव्हते. कंदील घेऊन खाली उतरलो, चेनकव्हरचे स्क्रू काढले आणि साखळीला बोट लावले. ती सैल होती.