घोटभर पाणी

आमची मावशी कुणाला आपल्या हाताने पाणी देत नाही. तांब्या-भांडे समोर आणून ठेवते आणि म्हणते, "घे बाबा, तुझ्या हातानं घे." दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलेले असते. चकली तिखट लागून एखादे पोर पाण्यासाठी नाचत असते. तरी मावशीचा हात तांब्यापाशी येऊन थांबतो आणि ती दुसऱ्या कुणाला तरी हाक मारते. घरात येणारी नवी सून पहिल्या वर्षी बुचकळ्यात पडते. दुसऱ्या वर्षी तिलाही त्याची सवय होते. वडीलधाऱ्या माणसांच्या अशा खोडी प्रत्येक घरात असतात. फराळाच्या गडबडीत त्यांचा अर्थ लावत बसायला कुणाला सवड असते?

या खोडीचे मूळ मला मात्र ठाऊक होते. निदान तसे मला वाटत होते.

१९९३ सालची गोष्ट. सप्टेंबरच्या २९ तारखेला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे उशिरा अंथरुणाला लागली आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरातली जमीन हादरली. मी तेव्हा दहा वर्षांचा. आम्ही सोलापूरला राहत होतो. फळीवरची भांडी खणखणली तेव्हा आई झोपेतच म्हणाली, "मांजर असेल." ते मांजर नव्हते. तिकडची घरे म्हणजे जाड दगडामातीच्या भिंती आणि वर मातीचे माळवद. उन्हाळ्यात ज्याच्या गारव्याचे आम्ही कौतुक करायचो, ते माळवदच माणसांच्या अंगावर आले. आठ-दहा हजार माणसे गेली.

माझा मामा त्या दिवशी गेला नाही. तो कमरेखाली दगड आणि तुळईखाली अडकला होता. गणपतीसाठी माहेरी आलेली मावशी त्याच्या उशाशी बसून होती. तो शुद्धीवर होता. बैलांची चौकशी करीत होता. "अक्का, पाणी दे गं," म्हणाला तेव्हा मावशीने ओंजळीने त्याला दोन घोट पाजले. दुपारी लोकांनी दगड बाजूला केले. मामा बाहेर आला तो बोलतच. मांडीवर मोठी जखमही दिसत नव्हती. सगळे म्हणाले, वाचला! पण मांड्या फुगत गेल्या. लघवी आधी काळ्या चहासारखी झाली आणि मग बंदच झाली. तिसऱ्या दिवशी मामा गेला. तेव्हा कुणीतरी जाणते माणूस बोलून गेले, "दबलेल्या माणसाला पाणी पाजू नये. पाणी पाजलं, म्हणूनच गेला."

बोलणारा बोलून गेला. मावशीने ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवले. तेव्हापासून भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळते.

आता माझा गुन्हा सांगतो. मी शाळेत मुलांना मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. एका कादंबरीत मी भूकंप आणला. नायकाची बहीण ढिगाऱ्यातल्या भावाच्या तोंडात पाणी घालते आणि घोट उतरताच तो मान टाकतो. हा प्रसंग वाचून पुष्कळ वाचकांनी डोळे पुसले, आणि मी खूश झालो. ते प्रकरण मावशीने नातीकडून वाचून घेतले. मला म्हणाली, "बरोबर लिहिलंस." त्या वेळी मला ती दाद वाटली!

गेल्या दिवाळीत माझी भाची घरी आली होती. ती डॉक्टर आहे आणि डायलिसिसच्या विभागात काम करते. फराळ करता करता ती म्हणाली, "मामा, कादंबरी छान आहे, पण तुझा नायक पाण्यानं मेलाच नसता."

मी म्हणालो, "अगं, आमच्या मामाच्या बाबतीत तसंच घडलं होतं." आणि सगळी हकीकत सांगितली. ती ऐकता ऐकता तिच्या हातातली करंजी तशीच राहिली.

मग तिने मला जे समजावले, ते माझ्यासारख्या मॅट्रिकच्या विज्ञानावर थांबलेल्या माणसालाही कळले. आपल्या शरीरात निरनिराळे क्षार ठरावीक जागी ठरावीक मापाने असतात. पोटॅशियम जवळजवळ सगळे पेशींच्या आत असते. रक्तात त्याचा अंश फार थोडा, आणि हृदयाचा ठोका त्या थोडक्या मापावर चालतो. दगडाखाली तासन्‌तास स्नायू चिरडले की पेशींच्या भिंती फुटतात. रक्तातले पाणी, मीठ आणि कॅल्शियम त्या स्नायूंत शिरते, म्हणून मांड्या फुगतात आणि बाकीचे शरीर कोरडे पडते. पेशींतले पोटॅशियम, फॉस्फरस, आम्ल आणि स्नायूंतले लाल द्रव्य बाहेर सांडते. दगड अंगावर असेपर्यंत ते बरेचसे तिथेच अडून राहते. दगड उचलला की रक्त पुन्हा खेळू लागते आणि तो सगळा लोंढा शरीरभर जातो. पोटॅशियम हृदय बंद पाडते. त्यातून माणूस तगला, तर ते लाल द्रव्य कोरड्या पडलेल्या मूत्रपिंडांत साचून ती निकामी करते.

"म्हणजे सुटकेचा क्षणच घाताचा?" मी विचारले.

"हो. म्हणून दगड हलवण्याआधीच शिरेतून सलाईन सुरू करायचं. मोठ्या माणसाला तासाला साधारण एक लिटर. पण त्या सलाईनमध्ये पोटॅशियम नको. आणि आपण आजाऱ्याला कौतुकानं शहाळं नाहीतर केळं देतो ना, तेही नको. दोन्हींत पोटॅशियम भरपूर असतं."

हे ज्ञान माणसाने फार मोठी किंमत देऊन मिळवले आहे. लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा, १९४१ साली, बायवॉटर्स आणि बील या दोघांनी ढिगाऱ्यांखालून काढलेल्या चार रोग्यांची हकीकत छापली. चौघेही आधी बरे वाटत होते, चौघेही गेले. १९८८च्या डिसेंबरात आर्मेनियात भूकंप झाला, तेव्हा ढिगाऱ्यांतून वाचलेल्या माणसांना डायलिसिसची यंत्रे पुरेनात. त्यानंतर जगातल्या मूत्रपिंडतज्ज्ञांच्या संघटनेने अशा संकटात धावून जाण्यासाठी एक पथकच उभारले. १९९९च्या ऑगस्टमध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला, तेव्हा मूत्रपिंडांचा विकार जडलेले ६३९ जखमी नोंदले गेले. त्यांतल्या ४७७ जणांना डायलिसिस लागले, आणि बहुतेक जण वाचले. लंडनच्या त्या चौघांच्या जोडीला हा आकडा ठेवला, म्हणजे मधल्या अठ्ठावन्न वर्षांचे मोल कळते.

"मग मामाचं काय झालं असेल?" मी विचारले.

"इतक्या वर्षांनी खात्रीनं कसं सांगू? पण मांड्या फुगल्या, लघवी काळी झाली, मग थांबली, हे सगळं त्याच दुखण्याचं लक्षण आहे. आणि या दुखण्यात पाणी मारत नाही. पाणी कमी पडलं, तर माणूस मरतो."

आमच्या मागे काहीतरी वाजले. स्वयंपाकघराच्या दारात मावशी उभी होती. किती वेळ उभी होती, कोण जाणे. मला वाटले, आता तिच्या चेहऱ्यावरचे ओझे उतरलेले दिसेल. कादंबरीकाराची खोड! माणसाचे मन असे एका परिच्छेदात मोकळे होत नसते. मावशी म्हणाली, "मग पोरी, मी दोनच घोट पाजले. आणखी पाजायला पाहिजे होतं का गं?"

मी गारठलो. जुने ओझे उतरवता उतरवता आम्ही तिच्या डोक्यावर नवे ठेवीत होतो.

भाची उठली. तिने मावशीचे दोन्ही हात धरले. "नाही, आजी. नुसतं तोंडानं पाजून ते भागलं नसतं. शिरेतून लिटरच्या लिटर द्यावं लागतं, पुढं यंत्र लागतं. त्या पहाटे तुमच्यापाशी फक्त ओंजळ होती. त्या ओंजळीनं जे करायचं, ते तुम्ही केलंत."

मावशी काही बोलली नाही. बराच वेळ तशीच बसली. मग पदराने डोळे टिपून म्हणाली, "तहानलेला गेला नाही, एवढं तरी खरं."

पुस्तकात छपाईची चूक झाली, तर शेवटी शुद्धिपत्र जोडता येते. माझ्या त्या कादंबरीच्या प्रती घरोघर गेल्या आहेत. त्या परत कशा बोलावू? म्हणून हा लेख. ज्यांनी तो प्रसंग वाचून डोळे पुसले, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की त्या बहिणीने काही चुकीचे केले नव्हते. चूक लेखकाची होती.

त्या भाऊबीजेला मावशीने नेहमीप्रमाणे चंद्राला ओवाळले. आत आल्यावर मला ठसका लागला. मावशीने तांब्यातले पाणी भांड्यात ओतले. तिचा हात सवयीने क्षणभर थांबला. मग ते भांडे तिने माझ्या हातात दिले.